होळीच्या आत मुळं रुजवा: दख्खनच्या अंगणातली वसंतातली फुलबाग

फेब्रुवारीत रोपवाटिकेत पाऊल टाकलं की पहिली नजर जाते ती पिटुनियावर. जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या फुलांनी ओसंडणाऱ्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या असतात, शेजारी डायान्थस, पॅन्झी, फ्लॉक्स. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन पाहून आलेल्या माणसाला तर राहवतच नाही. मीही पहिल्या वर्षी अशी पंधरा रोपं आणून अंगणात लावली, आणि पाडव्याच्या सुमारास ती सगळी वाळून गेली. पाणी कमी पडलं नव्हतं, खतही कमी नव्हतं. ती थंडीची फुलं होती, आणि त्यांचा हंगाम सरत असताना मी त्यांना जमिनीत लावत होते.

वसंतात बाग लावा, असं परदेशी पुस्तकं सांगतात, कारण तिथे पुढचे कित्येक महिने सौम्य असतात. आपल्याकडे वसंताच्या पाठोपाठ वैशाखवणवा येतो. म्हणून इथे या दिवसांत बाग लावायची म्हणजे उन्हाला मानवणारी झाडं निवडायची आणि खरा उन्हाळा सुरू होण्याआधी त्यांची मुळं जमिनीत बसवायची. रथसप्तमी ते होळी हा त्यासाठीचा वेळ. 'होळी जळाली, थंडी पळाली' हे बागेला अगदी शब्दशः लागू पडतं. होळीनंतर लावलेलं रोप मुळं धरण्याआधीच उन्हाशी झगडायला लागतं.

पुढचं सगळं मी एका जागेला धरून सांगते: पुण्याजवळचं घर, पूर्वेला 10 बाय 12 फुटांचं अंगण, काळसर चिकट माती, बोअरचं पाणी. तुमची जागा वेगळी असेल, पण कामाचा क्रम हाच ठेवा.

सुरुवात उन्हापासून

बहुतेक जण आधी झाडं ठरवतात आणि मग जागा शोधतात. हे उलटं करा. एक सुट्टीचा दिवस काढा. सकाळी 8, दुपारी 12 आणि 4 वाजता अंगणात जाऊन कुठे ऊन आहे, कुठे सावली, ते कागदावर काढा. भरपूर फुलं हवी असतील तर 6 तासांच्या आसपास थेट ऊन लागतं. मोगरा, जास्वंद, झेंडू, झिनिया यांना तर लागतंच.

पण फेब्रुवारीत काढलेला नकाशा मे महिन्यात खोटा ठरतो, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. पुण्यात त्या वेळी 10 फूट उंच भिंतीची सावली मध्यान्ही उत्तरेकडे जवळजवळ 7 फूट पडते. मार्चअखेरीस तीच सावली 3 फुटांच्या आत येते. मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. म्हणजे आज गारवा वाटतो म्हणून उत्तरेच्या भिंतीलगत नाजूक अबोली लावली, तर मेमध्ये ती भर उन्हात उभी असेल. अबोलीसाठी घराची पूर्व बाजू बरी. तिथे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारनंतर घराचीच सावली येते.

पश्चिमेचं दुपारी दोन ते पाचचं ऊन सगळ्यात जाचक. भिंत तापते आणि तिची धग रात्री उशिरापर्यंत झाडाला लागत राहते. अशा भिंतीपासून निदान दीड-दोन फूट अंतर सोडा आणि तिथे चिवट झाडंच लावा: सदाफुली, बोगनवेल, कण्हेर. कण्हेर सर्वांगानं विषारी आहे. घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर ती नकोच.

मग पाण्याचा हिशोब

1 चौरस मीटर जमिनीवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 लिटर. भर उन्हाळ्यात लावलेल्या वाफ्यातून दिवसाला 5 ते 6 मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. आमचं अंगण साधारण 11 चौरस मीटरचं. ते सगळं लावलं तर रोज 55 ते 65 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या चार बादल्या. एप्रिल-मेमध्ये रोज एवढं पाणी मिळणार का, हे आजच स्वतःला विचारा. मिळणार नसेल तर अर्धीच जागा लावा. उरलेल्या जागेत माती तयार करून ती पाल्यापाचोळ्यानं झाकून ठेवा आणि जूनमध्ये लावा. अर्धी बाग तजेलदार राहिली तर पुढच्या अर्ध्या बागेसाठी फुटवे आणि बीही तिच्यातच मिळतं.

भांडी घासलेलं पाणी नको, त्यात साबण आणि मीठ असतं. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी खुशाल घाला.

माती: दोन तपासण्या

एक फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, मुरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभर तरी खाली जायला हवं. तसंच साचून राहिलं तर पावसाळ्यात तिथे मुळं कुजणार. त्या जागी बारीक मुरूम किंवा जाडसर वाळू आणि भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा. नुसती वाळू चिकणमातीत घातली तर माती दगडासारखी घट्ट होते, म्हणून खत हवंच.

दुसरी तपासणी स्वयंपाकघरातली. वाळलेल्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फेस आला तर जमीन चुनखडीची आहे. दख्खनच्या काळ्या मातीत हे सर्रास आढळतं, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. मोगरा आणि अनंत यांच्यावर हे लगेच दिसतं. लोक खत वाढवत जातात, पण त्यानं काही होत नाही. हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं मीठ) 3 ते 5 ग्रॅम 1 लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. मातीत टाकलेलं हिराकस चुन्यात अडकून बसतं, म्हणून फवारणीच बरी. आणि अशा जमिनीत राख घालू नका, ती मातीचा विम्लपणा (आम्लाच्या उलट गुण) आणखी वाढवते.

खणताना कुदळीनं फूटभर माती उकरून आठवडाभर उन्हात तापू द्या. ढेकळं फोडा, दगड आणि हरळीची मुळं वेचून काढा. हरळीचा एक तुकडा राहिला तरी पावसाळ्यात अंगण तिचंच होतं. मग दर चौरस मीटरला दोन घमेली जुनं शेणखत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मिसळा. शेणखत हातात घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे आणि त्याला शेणाचा वास येता कामा नये. कच्च्या शेणानं हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी हमखास येते.

उन्हाळी लावणीसाठी गादीवाफे करू नका. उंच वाफा लवकर सुकतो. जमिनीच्या बरोबरीनं सपाट वाफे आणि झाडाभोवती खोलगट आळं, हे या दिवसांत योग्य. जूनमध्ये ते बदलायचं आहे, त्याकडे शेवटी येऊ.

कागदावरची बाग

उंच झाडं अशी ठेवा की त्यांची सावली दुपारी बुटक्या झाडांवर पडेल. म्हणजे जिकडून दुपारचं ऊन येतं त्या बाजूला उंच झाडं. आमच्या अंगणात पश्चिमेला घरच असल्यामुळे उंच झाडं दक्षिणेच्या कुंपणाशी गेली: दोन जास्वंदी, एकमेकींपासून 4 ते 5 फुटांवर. मध्ये तीन मोगरे, 3 फुटांच्या अंतरानं. मोगऱ्यांच्या मधल्या जागेत निशिगंधाचे कंद. घराच्या भिंतीपाशी अबोली. पायवाटेच्या कडेला ऑफिसटाइम (चिनी गुलाब) आणि सदाफुली. फाटकावर गोकर्णाचा वेल.

पायवाट विसरू नका. दीड फूट रुंद वाट ठेवली की प्रत्येक झाडापर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. तुडवलेल्या मातीत पाणी मुरत नाही.

नवीन रोप दोन वितींचं असताना 4 फुटांचं अंतर फार ओकंबोकं दिसतं. मधे आणखी एक जास्वंद खुपसायचा मोह होतो. ती मोकळी जागा या वर्षी झिनियाच्या बियांनी भरा, पुढच्या वर्षी जास्वंद ती स्वतःच व्यापेल.

मोगऱ्यासाठी थोडा जास्त वेळ द्या

या बागेत एकच झाड लावायचं असेल तर मी मोगरा लावीन. मार्चमध्ये कळ्या, चैत्रात ओंजळभर फुलं, माठातल्या पाण्यात दोन फुलं टाकली की सगळं घर गार वाटतं. उन्हाळा जितका कडक तितका हा फुलतो, असं झाड दुसरं क्वचितच सापडेल.

रोप घेताना जात विचारून घ्या. बटमोगरा गोल, गच्च पाकळ्यांचा, देवासाठी आणि वेणीत एखादंच फूल माळायला छान. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार. एकेरी किंवा कमी पाकळ्यांच्या मोगऱ्याला कळ्या भरपूर येतात, गजऱ्यासाठी तोच. रोपावर आज किती फुलं आहेत हे पाहू नका, बुंध्याशी किती फांद्या फुटल्या आहेत ते पाहा. पिशवीच्या तळाच्या भोकातून जाड मुळं बाहेर येऊन गुंडाळली असतील तर ते रोप ठेवून द्या.

दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. दोन भाग वरची माती, एक भाग शेणखत, मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड असं मिश्रण भरा. माती जड असेल तर त्यात मुरूम घाला. रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच खोल लावा. पहिल्या महिन्यात येणाऱ्या कळ्या खुडून टाका. मन होत नाही, हे मला माहीत आहे, पण त्या कळ्यांचा जोर मुळांकडे वळला तर मे महिन्यात झाड कोमेजत नाही.

अंगणात जुना मोगरा असेल तर त्याचं काम वेगळं आणि थोडं आधीचं. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून नवी फूट काढून घ्यायची. जानेवारीत दहा-पंधरा दिवस पाणी तोडून ताण द्या. मग धारदार कात्रीनं वाळक्या, बारीक आणि आत वाढलेल्या फांद्या पूर्ण काढा आणि उरलेल्या फांद्यांचा साधारण एक तृतीयांश शेंडा छाटा. जुनी पानं हातानं ओरबाडून काढली तरी चालतात. बुंध्याभोवतीची माती खुरप्यानं हलकी करून एक घमेलं शेणखत घाला आणि भरपूर पाणी द्या. काही दिवसांत पोपटी कोंब दिसतात. हे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आत झालं तर उत्तम. मार्चमध्ये कळ्या धरलेल्या असताना कात्री चालवली तर बहर हातचा जातो.

कळी उमलण्याआधीच जांभळट होऊन तिला भोक पडलं, तर आत अळी आहे. अशा कळ्या रोज सकाळी तोडून साबणाच्या पाण्यात टाका. घरच्या दोन-चार झाडांना एवढं पुरतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत पानं खालून धुरकट, वर बारीक ठिपक्यांची झाली तर ती लाल कोळी ही बारीक कीड. पानांच्या खालच्या बाजूवर सलग चार दिवस पाण्याचा जोरदार फवारा मारा.

बाकीच्यांची ओळख

जास्वंदीचं रोप साध्या लाल, एकेरी फुलाचं घ्या. संकरित मोठ्या फुलांच्या जाती दिसायला सुरेख, पण देशी जास्वंद चिवट आणि बारमाही. आज लावलेली जास्वंद गणपतीपर्यंत रोज फुलं द्यायला लागते. तिचा शत्रू म्हणजे पिठ्या ढेकूण, फांदीच्या बेचक्यात चिकटलेला पांढरा कापूस. दिसताक्षणी जुन्या टूथब्रशनं घासून काढा, मग 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब 1 लिटर पाण्यात नीट मिसळून संध्याकाळी फवारा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात. फांदीवर मुंग्यांची रांग दिसली की ढेकूण कुठेतरी आहेच, असं समजा.

निशिगंध म्हणजे गुलछडी. मार्च-एप्रिलमध्ये कंद लावा, 2 इंच खोल, वीतभर अंतरानं. अडीच-तीन महिन्यांत दांडे येतात, म्हणजे पहिल्या पावसाच्या आसपास. सुवासासाठी एकेरीच घ्या, दुहेरीला वास कमी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'शृंगार', 'प्रज्वल' या एकेरी जाती. दर तीन वर्षांनी कंद उकरून, वेगळे करून पुन्हा लावायचे, नाहीतर गर्दी होऊन दांडे कमी येतात.

ऑफिसटाइमच्या चार काड्या शेजाऱ्यांकडून आणा आणि मातीत खोचा. आठवड्यात रुजतात. ऊन चढलं की उघडतात, दुपारनंतर मिटतात. गोकर्णाच्या बिया रात्रभर पाण्यात भिजवून फाटकाशी टोका. गुलबक्षीचं बी काळ्या मिऱ्यासारखं दिसतं, तेही आत्ताच पेरता येतं. ती उन्हं उतरल्यावर फुलते, त्यामुळे संध्याकाळी कामावरून परतणाऱ्याला घरी आल्यावर ताजी फुलं दिसतात.

झिनिया आणि पिवळा कॉसमॉस थेट जागेवर पेरा. झिनिया आठवड्याच्या आत उगवतो आणि दोन महिन्यांत फुलतो. रोपं चार इंचांची झाली की शेंडा खुडा, बगलेतून फांद्या फुटतात. झेंडूलाही हेच करा. झेंडूच्या मुळांमुळे मातीतले सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) कमी होतात, म्हणून पुढे जिथे वांगी-टोमॅटो लावायचे आहेत तिथे तो आवर्जून लावावा. दसऱ्याच्या तोरणाची लावण मात्र पावसाळ्यात वेगळी करायची असते.

शेवंतीला आत्ता नवीन जागा देऊ नका. थंडीत फुलून गेलेलं झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. बुंध्याशी काश्या, म्हणजे जमिनीतून येणारे नवे फुटवे, फुटतील, त्या एप्रिल-मेमध्ये मुळांसकट वेगळ्या करून लावा. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरातली, या दिवसांत फक्त वाळलेली फुलं काढा.

लावणीची संध्याकाळ

रोपं आणल्यावर दोन-तीन दिवस बागेतच, पण सावलीत ठेवा. हवापालटाचा धक्का तिथेच पचू द्या. लावणी संध्याकाळी पाचनंतर. आधी खड्ड्यात पाणी ओता आणि मुरू द्या. पिशवी कात्रीनं उभी कापा, ओढून काढू नका. मातीचा गोळा फुटला की बारीक मुळं तुटतात, आणि पाणी पिणारी मुळं तीच. माती भरून तळहातानं दाबा, पायानं नाही. झारीनं पाणी द्या, खचलेली माती पुन्हा भरा.

दुसऱ्या दिवशी रोप मान टाकतं. घाबरून दिवसातून तीनदा पाणी घालू नका. कडुनिंबाच्या डहाळ्या पश्चिमेच्या बाजूला खोचून सावली करा, किंवा चार काठ्यांवर जुनी सुती साडी बांधा. आठ-दहा दिवसांनी ती सावली हळूहळू कमी करत जा.

चैत्र-वैशाख

लावणीनंतर लगेच आच्छादन घाला: वाळका पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाचं सोडण, जे हाताशी असेल ते, दोन-तीन इंच जाड. खोडापासून चार बोटं मोकळी ठेवा. उन्हाळ्यातल्या कामांत सगळ्यात जास्त फळ याचं मिळतं. त्याखालची माती दुपारीही हाताला गार लागते.

पाणी सकाळी लवकर द्या. आच्छादन बाजूला करून बोट दोन इंच मातीत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. रोज शिंपडलेल्या थोड्या पाण्यानं मुळं वरवर राहतात. एक दिवसाआड पण खोलवर दिलेलं पाणी मुळांना खाली नेतं. सुट्टीत गावाला जाणार असाल तर दोन झाडांच्या मध्ये भाजलेल्या मातीचं, आतून-बाहेरून न रंगवलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि झाकण ठेवा. ते काही दिवस हळूहळू झिरपत राहतं.

या दोन महिन्यांत रासायनिक खत टाळा. ओल कमी असताना ते मुळं जाळतं. फार तर पंधरा दिवसांनी एकदा, पाणी दिल्यानंतर, झाडामागे मूठभर गांडूळखत. सुकलेली फुलं मात्र नियमित खुडा. झिनिया आणि झेंडू बी धरायला लागले की फुलं कमी होतात.

कोकणात जांभ्याची माती आम्लधर्मी असते. तिथे पिवळ्या पानांचा त्रास कमी, पण पावसाचा मारा मोठा, म्हणून निशिगंध उतारावर किंवा कुंडीतच लावा. विदर्भात मेमध्ये पारा 45 अंशांवर जातो. तिथे कायमची झाडं फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावून झाली नसतील तर थेट जूनची वाट पाहा, आणि तोवर गोकर्ण, ऑफिसटाइम, सदाफुली यांच्यावर अंगण सजवा.

पहिल्या पावसाआधी एक काम

मेच्या शेवटी वळवाच्या सरी आल्या की उन्हाळ्यात उपयोगी पडलेलं आळंच झाडाला घातक ठरू शकतं, कारण त्यात पाणी तुंबतं. खुरपं घेऊन आळ्याची कड मोडा, तीच माती बुंध्याशी ओढून भर द्या आणि बाहेर पाणी जायला चर काढा. कुजलेलं आच्छादन त्याच मातीत मिसळा. मोगऱ्याची जमिनीलगतची एखादी लांब फांदी वाकवून, मधे थोडी साल खरवडून, मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. पावसाळा संपेपर्यंत तिला मुळं फुटलेली असतात. ती ऑक्टोबरात मूळ झाडापासून कापून वेगळी करा.